न चढलेल्या शिड्या

आठवडाभर धुकं हटायचं नाव घेत नव्हतं. सकाळी दुकानाचं फाटक उघडलं की ते ओळखीच्या मांजरासारखं आत शिरायचं, लाकडाच्या थप्प्यांवर अंग टाकायचं आणि दुपारपर्यंत उठायचं नाही. अशा हवेत सरस लवकर धरत नाही. लाकूड फुगतं, भोकं अडतात, खुंट्या बसता बसत नाहीत आणि माणसं उगाच एकमेकांवर खेकसतात. अक्कानं शेगडी पेटवली, वर पाण्याचं पातेलं, पातेल्यात सरसाचा डबा ठेवला, आणि तो पाघळेपर्यंत कालचा भुसा लोटून काढला. पन्नाशी उलटलेली बाई, पण झाडू असा मारायची की भुशानं आपण होऊन कोपऱ्यात जाऊन बसावं.

दुकान शिड्यांचं. आजोबांनी काढलेलं, वडिलांनी वाढवलेलं, आणि आता अक्का आणि तिचा भाऊ मिळून रेटत होते. रंगाऱ्यांच्या लांब शिड्या, वायरमनच्या घडीच्या, फळं तोडायच्या वर निमुळत्या होत गेलेल्या, सगळ्या लाकडाच्या. ॲल्युमिनियमच्या शिड्या आल्या तेव्हा लोक म्हणाले, आता यांचा धंदा बसला. धंदा बसला खरा, पण बसल्या बसल्या चालत राहिला. त्याला कारण होतं घरातली एक रीत. ज्यानं शिडी जोडली, त्यानं ती आधी स्वतः चढायची. प्रत्येक पायरीवर दोन्ही पायांनी उडी मारायची, कान देऊन ऐकायचं, आणि मगच शिडी दाराबाहेर काढायची. आजोबा म्हातारपणीही चढायचे, खाली आजी ओरडत असायची. गल्लीत थट्टा चालायची, की शिडीवाल्यांकडे उधारी मागायला जाऊ नका, माणूस कधी जमिनीवर सापडायचाच नाही.

धाकटा आला. अक्काचा पाठचा भाऊ. केस पिकायला लागले, मुलगी परगावी शिकायला गेली, तरी गल्लीभर तो धाकटाच. आल्या आल्या त्यानं कोट खुंटीला टांगला आणि न बोलता उजव्या हाताची दोन बोटं पुढं केली. अक्कानं रंध्याच्या तोंडात अडकलेली एक पातळ ढलपी ओढून काढली, त्याच्या अंगठ्यात आणि बोटात दिली, आणि दुसरं टोक धरून खेचलं. ढलपी मधोमध फाटली. बोटांतून सुटली नाही.

"मजबूत," अक्का म्हणाली, आणि तिच्या छातीवरचा रोजचा धोंडा रोजच्यासारखा उतरला.

ही त्या घरातली दुसरी रीत. तिच्याबद्दल बाहेर कुणाला सांगत नसत. घरात एक दुखणं होतं, आणि त्याला घरातलंच नाव होतं, हात जाणं. आजोबांच्या बहिणीचे गेले, आजोबांचे म्हातारपणी गेले, वडिलांचे, म्हणजे दादांचे, भर उमेदीत गेले. आधी पटाशी हातातून पडायची. मग शर्टाचं बटण लागेनासं व्हायचं. मग दंड वितळल्यासारखे बारीक, मग आवाज, मग घास. डॉक्टर तेव्हा एवढंच म्हणाले, की स्नायूंना हलवणाऱ्या नसा मरत जातात, हे रक्तातून येतं आणि याला औषध नाही. दादांची पटाशी पहिल्यांदा पडली तेव्हा अक्काच्या लग्नाची बोलणी चालली होती. तिनं ती थांबवली आणि रंधा उचलला. तेव्हापासून दोघं भावंडं एकमेकांची बोटं डोळ्यांत तेल घालून बघत आली. ढलपी फाटली तर दिवस आपला. सुटली तर... ती कधी सुटलीच नव्हती.

धाकट्यानं तिची ढलपी ओढली. जरा जास्तच जोरानं, आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे बिस्किटांच्या डब्याकडे बघत. पूर्वी तो या वेळी काहीतरी बोलायचा. "अक्का, तुझ्या नशिबी अजून बरीच वर्षं मी आहे बघ." हल्ली बोलत नव्हता. अक्कानं ते पाहिलं आणि बाजूला सारलं, भुसा सारावा तसं.

खरं तर बाजूला सारलेलं बरंच साठलं होतं. धाकटा म्हणजे गल्लीतला हळवा माणूस. दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नातही रडायचा, आणि रडताना जोक सांगायचा. पडलेल्या पिल्लाला घरट्यात ठेवायचं म्हणून त्यानं एकदा गिऱ्हाइकाची शिडी अर्धा दिवस झाडालाच लावून ठेवली होती. तो धाकटा वर्षभरात कुठंतरी पातळ होत गेला. एकच बिस्किट, एकाच कंपनीचं, डबा रिकामा होईपर्यंत खायचा. दुपारी अंगणाला फेऱ्या मारायचा, त्याच वाटेनं, त्याच खांबाला हात लावून. शिट्टीवर दोनच सूर, तेच ते, इतके की शेजारच्या शिंप्यानं खिडकी बंद करून घेतली. गल्लीतला म्हातारा घड्याळजी गेला तेव्हा लोक गप्प बसले होते, आणि धाकट्यानं घड्याळजीच्या सुनेला विचारलं, चहा कधी होणार?

लोकांनी हसून सोडून दिलं. अक्कानं दुःखाच्या भरात बोलला असेल म्हणून सोडून दिलं. भावजय, धाकट्याची बायको, तेवढी सोडायला तयार नव्हती. ती दोन-तीनदा दुकानात येऊन गेली. पहिल्यांदा उगाच मीठ मागायला आल्यासारखी घुटमळली. शेवटच्या खेपेला सरळच म्हणाली, "वन्सं, हा माणूस माझा राहिला नाही."

अक्का म्हणाली, अगं, वय होतं, वैताग येतो, पुरुष माणसं अशीच आंबतात. आणि मग जे तिला सगळ्यात मोठं वाटत होतं ते म्हणाली. "हात बघ त्याचे. लोखंड आहेत."

"हाताशी नाही लग्न केलं मी," भावजय म्हणाली आणि निघून गेली.

त्या धुक्याच्या सकाळी अक्काला लाकडाच्या वखारीत जायचं होतं. धाकट्यानं जोडलेली लांब शिडी भिंतीला उभी होती, रंगारी ती न्यायला येणार होता. रंगारी जुनं गिऱ्हाईक, म्हणजे गिऱ्हाईक कमी आणि घरचा जास्त. त्याचा बापही इथल्याच शिड्यांवर म्हातारा झालेला. समोरच्या शाळेची भिंत रंगवायचं काम त्याला मिळालं होतं. "आला की दे," असं धाकट्याला सांगून अक्का गेली. चढून बघ, असं सांगितलं नाही. कुणी कुणाला श्वास घे म्हणून सांगत नाही.

परत आली तेव्हा धुक्यात शाळेसमोर माणसांचा पुंजका उभा होता, आणि रस्त्यावरून पांढरा रंग ओघळत तिच्या पायांपर्यंत आला होता. पुंजक्याच्या मधोमध रंगारी पडला होता, एक पाय मांडीपासून भलतीकडे वळलेला. तोंडातून आवाज फुटत नव्हता. कुणी रुग्णवाहिकेला फोन लावत होतं, कुणी डोक्याखाली पोतं सरकवत होतं. धाकटा दुकानाच्या दारात उभा होता. त्यानं हातातलं बिस्किट संपवलं, हात पँटला पुसले आणि चालत आला. अक्काला वाटलं, आता हा खाली बसेल, त्याचं डोकं मांडीवर घेईल, रडेल. धाकट्यानं रंगाऱ्याचा मोडका पाय ओलांडला, वाटेत आडवी पडलेली फळी ओलांडावी तसा, शिडी उचलली आणि खांद्यावर टाकून दुकानात नेली. जाताना अक्काला म्हणाला, "रंग वाया गेला सगळा."

रुग्णवाहिका गेल्यावर अक्कानं शिडी पालथी घातली. वरची एक पायरी मधोमध फाटली होती. आत, रंध्याला दिसणार नाही अशा जागी, काळी गाठ होती. लाकूड म्हटलं की हे आलंच. म्हणून तर चढायचं. एका उडीत ती पायरी ओरडली असती. बाकी काम मात्र तिनं बोटांनी चाचपून पाहिलं. सांधे असे बसलेले की नख शिरू नये. खुंट्या दांड्याशी एकजीव. दादांनीही इतकी देखणी शिडी जोडली नसती. हातांनी आपलं काम चोख केलं होतं.

"धाकट्या, ही चढला होतास?"

"नाही."

"का नाही?"

तो खरंच विचारात पडला. "कशाला चढू? मला कुठं वर जायचं होतं?"

अक्का त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हा त्याचा जुना जोक असता. आधी गंभीर चेहरा, मग ओठाच्या कोपऱ्यातून हसू. ती हसू यायची वाट बघत होती. आलं नाही.

"आणि याच्या आधीच्या?"

"त्या पण नाही," तो म्हणाला. "बिस्किटं संपलीत, अक्का."

अक्का लाकडाच्या थप्पीवर बसली. आधीच्या किती? कुठं कुठं? कोण चढलं असेल आत्ता, या घटकेला, या धुक्यात?

दुसऱ्या दिवशी ती इस्पितळात रंगाऱ्याला बघायला गेली. पाय वजनाला टांगलेला, पण माणूस शुद्धीवर. त्यानं तिला आधी हसवायचा प्रयत्न केला. म्हणाला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती पांढऱ्या केल्या, आता माझाच पाय पांढरा करून टाकला. मग टांगलेल्या पायाकडे बघत बोलला.

"पाय बसेल गं. पण तो मला ओलांडून गेला, अक्का."

अक्कानं त्याच्या उशाचा तांब्या भरून ठेवला. रंगारीच पुढं म्हणाला, की बाप सांगायचा, तुमचे दादाही शेवटाला असेच दगडासारखे झाले होते. गल्लीतली माणसं मनाला लावून घेत नसत, दुखण्यानं माणूस कडू होतो म्हणायची.

अक्का मान हलवून उठली. पण इस्पितळाच्या पायऱ्या उतरता उतरता ती थांबली. दुखण्यानं कडू झाले, हे खरं. पण दादा कडू झाले ते कधी? आईला ताप भरला होता आणि दादा तिच्या उशाशी बसून तिच्याच वाटचं जेवण जेवले होते, तेव्हा त्यांचे हात धडधाकट होते. त्याच हातांनी ते भराभर जेवत होते. आई ते मरेपर्यंत विसरली नाही. आपल्यावरचं यांचं मन उडालं, एवढाच अर्थ तिनं लावला आणि तो उराशी घेऊन गेली. आणि काका दुकान सोडून गेले तेही पटाशी पडायच्या आधी. चांगलं वर्ष-दीड वर्ष आधी.

काका म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. घरातली गोष्ट अशी, की काकांना वाटणी हवी होती, मिळाली नाही म्हणून रुसून गेले. अक्का त्यांच्याकडे कधी गेली नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, टायरवाल्याच्या वरच्या खोलीत ते स्टुलं बनवत. दार उघडल्यावर त्यांनी तिला ओळखलं, पण आत ये म्हणायला वेळ घेतला. बसायला स्टूल दिलं. अक्कानं सवयीनं आधी त्यावर हात दाबून पाहिला. काका पहिल्यांदा हसले.

"वाटणी?" तिनं विचारल्यावर ते म्हणाले. "माझी पोर गेली तेव्हाची गोष्ट आहे ती. तुला आठवत असेल, दादाच्या खांद्यावर बसून फिरायची."

अक्काला आठवत होती. तापानं गेलेली, गोबऱ्या गालांची.

"तिला घरातून न्यायच्या आधी तुझा बाप तिच्या पलंगाशी आला. मला वाटलं, आता हा फुटणार. त्यानं पलंगाची पाटी ठोकून पाहिली आणि मला म्हणाला, लाकूड चांगलं आहे रे, कापलं तर पायऱ्या निघतील."

खाली टायरवाल्यानं हवा भरायचं यंत्र चालू केलं होतं. खोलीची फरशी थरथरत होती.

अक्कानं सावकाश, शब्द चाचपत, धाकट्याचं सगळं सांगितलं. शिडी, रंगारी, बिस्किटं. मग दादांचं. काका, ते दुखणंच असावं. हातांच्या आधी तेच आलं असावं. आपण हातांकडे बघत बसलो.

काका ऐकता ऐकता उठले आणि तिच्याकडे पाठ करून एक तयार स्टूल पुन्हा घासायला लागले. नाही, म्हणाले. तो तसाच होता. तेव्हा फक्त उघडा पडला. अक्कानं वाद घातला नाही. मग पॉलिश कागद थांबला.

"इतकी वर्षं शिव्या घातल्या त्याला. त्यावरच तग धरला म्हण," काका भिंतीला सांगावं तसे म्हणाले. "आता त्या कुणाला घालू?"

निघताना त्यांनी ते स्टूल तिच्या हातात दिलं, आणि विचारलं, दादाला कळत होतं का? अक्काला माहीत नव्हतं. ती डॉक्टरांना विचारीन म्हणाली.

नसांच्या डॉक्टर बाई वयानं लहान होत्या, पण ऐकून घ्यायची त्यांना घाई नव्हती. धाकटा खुर्चीत शांत बसला होता आणि भिंतीवरच्या चौकटी बोटानं मोजत होता. भावजय एका बाजूला, अक्का दुसऱ्या. डॉक्टरांनी त्याला काही शब्द सांगायला लावले, चित्रं दाखवली, चित्रातल्या माणसाला काय वाटत असेल असं विचारलं. ढसाढसा रडणाऱ्या बाईचं चित्र बघून धाकटा म्हणाला, तिचं तोंड उघडं आहे. तारीख, वार, मुलीचा पत्ता, शाळेतल्या मास्तरांची नावं मात्र त्यानं धडाधड सांगितली. आठवण पक्की होती. गेलं होतं ते वेगळंच.

मग त्यांनी समजावून सांगितलं. हे एकच दुखणं आहे, रक्तातून येणारं, पण ते घरातल्या प्रत्येकाला त्याच दारानं गाठतं असं नाही. कुणाचे हात आधी जातात, कुणाची जीभ, कुणाचे पाय. आणि काही घरांत ते आधी मेंदूच्या पुढच्या भागाला धरतं, जिथं दुसऱ्याचं दुखणं आपल्याला लागतं, जिथून माणूस स्वतःला आवरतो. तुमच्या वडिलांच्या काळी हे कुणी जोडून बघत नव्हतं. हा दुष्टपणा नाही, आणि संसाराचा कंटाळाही नाही. भावजयीनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. एवढे महिने ती आपलंच काय चुकलं ते शोधत होती.

"त्याला कळतं का, आपण बदललोय ते?" अक्कानं विचारलं.

"बहुतेकांना कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बाजूच्यांना कळतं."

अक्का अजूनही एका गोष्टीला लटकून होती. हात चांगले आहेत, बाई. रोज बघतो आम्ही. डॉक्टरांनी मान हलवली, हात खरंच चांगले आहेत म्हणाल्या, आणि धाकट्याला तोंड उघडायला सांगितलं, जीभ आतच सैल सोडायला. दिव्याचा झोत टाकला आणि अक्काला जवळ बोलावलं. जिभेवर बारीक थरथर चालली होती. पाण्यावरून वारा जावा तशी, या कडेकडून त्या कडेकडे, न थांबता. रोज सकाळी ज्या तोंडाकडे ती बोलायची, त्या तोंडात हे चाललं होतं.

रक्ताची तपासणी अक्कालाही करता येईल, मुलीलाही, पण आधी नीट बोलून, घाई न करता, असं डॉक्टरांनी सांगितलं. भावजय एकदम म्हणाली, पोरीला आत्ता काही सांगायचं नाही.

घरी आल्यावर दुकानाची किल्ली मागायची होती. अक्कानं त्यासाठी मनात शब्दांची जुळवाजुळव केली होती. भांडण होईल, तो दादांचं नाव काढेल, माझंही दुकान आहे म्हणेल. धाकट्यानं खिशातून किल्ली काढली आणि शेजाऱ्याला काडेपेटी द्यावी तशी देऊन टाकली. अक्काला वाटलं, याच्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं. भांडला तो बिस्किटांचा डबा हलवल्यावर, आणि तेव्हा अक्काच्या दंडावर त्याची पाचही बोटं उमटली. लोखंडाची.

मग तिनं त्याला समोर बसवलं आणि विचारलं, न चढता दिलेल्या शिड्या कुणाकुणाला गेल्या? आणि धाकट्यानं सांगितलं. अडखळला नाही, आढेवेढे घेतले नाहीत, पाढे म्हणावेत तशी एकेक शिडी, केवढी, कुणाला, कुठल्या लाकडाची. बागवाल्याला दोन. ग्रंथालयाला एक. भाजी बाजारातल्या दिवेवाल्याला. शाळेच्या शिपायाला. वर्षभराच्या शिड्या. त्याला हे कधीही सांगता आलं असतं. कुणी विचारलं नव्हतं, आणि आपण होऊन सांगावं असं त्याला वाटलं नव्हतं.

"आणि एक वायरमनला."

"कुठला वायरमन?"

"परगावचा. हिरव्या टेम्पोतून आला होता. त्या शिडीची एक पायरी करकरत होती."

"तुला ऐकू आलं होतं?"

"हो," धाकटा म्हणाला. "मी भिंतीला लावली तेव्हाच."

त्या दिवसापासून अक्का दुकानाला कुलूप लावून शिड्या चढत फिरायला लागली. कंबरेला ओचा, हातात हातोडी, पिशवीत खुंट्या आणि जादा पायऱ्या. भावजय म्हणाली होती, लाकूड किडकं निघालं म्हणून सांगा, पोरीच्या लग्नाचं बघायचंय उद्या. अक्कानं तिला शब्द दिला, की घरातलं काढणार नाही. पण लाकडाच्या डोक्यावरही खोटं घालवेना. लोकांना ती एवढंच सांगायची, "चढायची राहिली होती." फक्त रंगाऱ्याला तिनं इस्पितळात जाऊन खरं सांगितलं. त्यानं छताकडे बघत ऐकलं आणि म्हणाला, म्हणजे मला ओलांडून गेला तो आपला धाकटा नव्हताच तर. पुढं म्हणाला, चांगलं झालं सांगितलंस, मी बरा झाल्यावर त्याच्याशी बोलायचं की नाही तेच ठरत नव्हतं.

ग्रंथालयात पोरं पुस्तकातून माना वर काढून बघत राहिली, ही कोण बाई शिडीवर उड्या मारतेय. बागवाला म्हणाला, अक्का, फळं पिकली की ये, आत्ता वर काही नाही. त्याच्या दोन्ही शिड्या चांगल्या निघाल्या. दिवेवाल्याच्या शिडीला तिसऱ्या उडीतच एक पायरी खचली, अक्का दांड्याला लटकली आणि हाताची साल निघाली. खाली उतरून तिनं पायरी बदलली, पुन्हा चढली. दिवेवाला खालून दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता. त्या संध्याकाळी तो त्याच शिडीवर चढणार होता.

एकेक करून सगळ्या झाल्या. हिरव्या टेम्पोचा वायरमन सोडून. अक्कानं वायरच्या दुकानांत विचारलं, टेम्पोवाल्यांच्या थांब्यावर विचारलं, परगावी जाणाऱ्यांकडे निरोप दिले. पत्ता लागला नाही. हल्ली कुठं रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला की ती हातातलं काम ठेवून, भोंगा विरून जाईपर्यंत उभी राहायची. कुठल्यातरी भिंतीला ती शिडी आत्ताही टेकलेली होती, देखण्या सांध्यांची, आणि तिच्यात एक पायरी होती जिला अजून कुणी नीट ऐकलं नव्हतं.

धुकं ओसरलं त्या सकाळी भावजय धाकट्याला घेऊन दुकानात आली. त्याला घरी एकटं ठेवता येत नव्हतं, आणि भोकं पाडायचं काम तो अजून नमुनेदार करायचा. त्यानं कोट खुंटीला टांगला आणि सवयीनं दोन बोटं पुढं केली. अक्कानं ढलपी दिली, खेचली. फाटली. अक्का मजबूत म्हणाली नाही. धाकट्यानं तिची वाट पाहिली नाही, गिरमिट उचललं आणि शिट्टी वाजवत कामाला लागला. दोनच सूर, त्यातला दुसरा हल्ली नीट लागत नव्हता, ओठांतून हवा निसटायची.

अक्कानं भावजयीला शेगडीपाशी बोलावलं. सरस ढवळत, वर न बघता बोलली.

"मला काही झालं तर मला कळणार नाही. तू बघायचंस."

"काय बघू, वन्सं?"

"बोटं नाही. ती मी बघते." काठीवरचा सरस तिनं निथळू दिला. "एखाद्या दिवशी मी न चढता शिडी दिली, किंवा तुला बरं नसलं आणि मी विचारलं नाही, तर गप्प बसू नकोस. मी ऐकणार नाही. उलट तुलाच बोलेन. तरी किल्ली काढून घे."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच भावजय अक्काच्या तोंडाकडे सरळ, नजर न काढता बघत होती, आणि अक्कानं तिला बघू दिलं. मग पाघळलेला सरस तिनं उतरवून ठेवला. भिंतीला कालची जोडलेली शिडी उभी होती, नव्या रंगाऱ्याची, दुपारी न्यायला येणार होता. अक्कानं चपला काढल्या, ओचा खोचला आणि पहिल्या पायरीवर दोन्ही पाय ठेवून उडी मारली. ऐकलं. मग वरच्या पायरीवर गेली.